भिंतीपलीकडचं रेशीम

गजावर घासलेल्या राळेची पांढुरकी भुकटी तिच्या काळ्या स्कर्टवर झरायची, आणि त्याच वेळी जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनचं ऑक्टोबरातलं ऊन, रसायनांच्या कारखान्याची धुराडी ओलांडता ओलांडता दमलेलं, तिच्या पांढऱ्या केसांवर येऊन टेकायचं. मग एर्हूचा पहिला स्वर निघायचा. सारंगीच्या कुळातलं, पण दोनच तारांचं ते चिनी वाद्य. त्याचा गज त्या दोन तारांच्या मधोमध कायमचा अडकलेला, वाद्यापासून कधीच सुटा न होणारा. फ्राऊ शेन, म्हणजे शेनबाईही तशीच होती: गाव मागे राहिलेलं, मुलगा इथल्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ, आणि ती त्या दोहोंच्या मध्ये.

मी शेजारी, मावशीकडे राहायचे. युरोच्या नोटा अजून कोऱ्या वाटायच्या त्या वर्षांत, पुण्याच्या कॉलेजात पत्रकं वाटून तापलेलं डोकं घेऊन मी इथे शिकायला आले होते. तिचा चार ते पाचचा रियाज भिंतीतून माझ्या टेबलापर्यंत यायचा.

तिच्याकडे दोन एर्हू होते. एक नवा, पोलादी तारांचा. उजळ, धीट, भरल्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेला हाक मारण्यासाठीच घडवलेला. हिटर लागो, पाऊस लागो, त्याचा सूर ढळत नसे. दुसरा तिच्या वडिलांचा, रेशमी तारांचा. त्याचा स्वर खरखरीत, धाप लागलेल्या माणसाच्या बोलण्यासारखा, स्वराआधी श्वास ऐकू येणारा आणि हातभर अंतरावर विरून जाणारा. जुनं ते दबकं, नवं ते निर्भय, असा माझा सरळसोट निकाल होता. मी तो तिला ऐकवलाही. ती हसली. तिच्या तुटक जर्मनमध्ये म्हणाली, "पोलाद हॉलसाठी. रेशीम..." आणि तिनं तळवा माझ्या कानाशी आणून धरला. "एकासाठी."

तो एर्हू ती वर्षातून एकदाच, वडील गेले त्या तिथीला, काढायची. इथल्या हिटरच्या कोरड्या हवेत रेशीम तुटतं. कागदाच्या पुडीत वडिलांनी जपलेल्या मोजक्या तारा उरल्या होत्या. त्या वळणारा कारागीर गेला होता, त्याचं दुकानही. नव्या कुठेच मिळणार नव्हत्या.

आणि मग खालच्या मजल्यावरच्या हेर क्राउसनं जिन्यात चिठ्ठी लावली: 'चिनी कुरकुर' बंद व्हावी. हा माणूस शनिवारी सकाळभर भिंतीत ड्रिल घुसवायचा! ड्रिल म्हणजे घरकाम आणि संगीत म्हणजे उपद्रव? रुहेत्साइट, म्हणजे सक्तीच्या शांततेची वेळ, फ्राऊ शेन कधीही मोडत नव्हती. माझं रक्त उसळलं. एका बैठकीत मी पत्रक लिहून काढलं: तिचं नाव, तिचा मजला, तिचा मुलगा कुठे नोकरी करतो, सगळं ठळक टाइपात, आणि वर मथळा, 'आवाज दाबू देणार नाही!' साऱ्या इमारतीच्या टपालपेट्यांत ते पडलं.

"अगं, तिला विचारलंस तरी का?" मावशीनं विचारलं.

"अन्यायाविरुद्ध बोलायला परवानगी कसली, मावशी?"

"परवानगी तिची गं, अन्यायाची नव्हे."

"आल्झो, थोडक्यात," काका पेपरामागून म्हणाले, "उद्या आपल्याही दारावर चिठ्ठी. पुढारी घरात ठेवल्यावर दुसरं काय व्हायचं?"

चिठ्ठी आली नाही. हेर क्राउस जिन्यात नमस्कारही करू लागला. मी विजय जाहीर केला आणि पुढच्या लढाईला निघाले. संध्याकाळी बैठका, शनिवार-रविवारी कोलोनचे मोर्चे. चार ते पाच मी घरात नसायचेच. हिवाळा आला, उघड्या फांद्यांनी आकाशावर रेघोट्या ओढल्या, आणि भिंत गप्प होती की बोलत होती, हे पाहायला मला सवड नव्हती.

फेब्रुवारीत एकदा, दुपारचा उजेड ताकासारखा पातळ असताना, मी तिच्याकडे गेले. पोलादी एर्हू भिंतीवर टांगलेला होता, कापडात घट्ट गुंडाळून, वर गाठ. रेशमी एर्हू तिच्या मांडीवर, एक तार तुटून केसासारखी वळलेली. खिडकीत कागदाची रिकामी पुडी, हातानं सपाट केलेली.

"पुन्हा तक्रार आली नाही, फ्राऊ शेन! आपण जिंकलो."

"हो, हो," ती म्हणाली. "सगळे शांत."

मग अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं तिनं सांगितलं. पत्रक कारखान्यात पोचलं होतं. मुलाला जेवणाच्या टेबलावर लोकांनी विचारलं, तुझी आई कसला गोंधळ घालते? मुलगा दोन दिवस घरी जेवला नाही. तेव्हापासून ती रोज रेशीम वाजवू लागली. रेशीम भिंतीपलीकडे जात नाही. एक तार तुटली, दुसरी लावली. मग तिसरी. रोज.

"शेवटची कधी तुटली?" मी विचारलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. तिथे थोडी थट्टा होती. "तू शेजारी, मेडशेन," ती म्हणाली; मेडशेन म्हणजे पोर. "तूच सांग."

त्या संध्याकाळी चार वाजता मी भिंतीला कान लावून बसले; पलीकडे हिटरची टिकटिक होती आणि त्यामागे एक अफाट, आज्ञाधारक शांतता, जी मी स्वतःच्या हातांनी छापून घरोघर वाटली होती.

पुढे मुलाची बदली झाली, ती गेली, भिंतीपलीकडे दुसरं कुणी राहायला आलं. माणसं जातात त्या दिवसाची काळ कुठेतरी नोंद ठेवतो. पण एक स्वर माझ्यापासून वीतभर अंतरावर रोज थोडा थोडा संपत गेला, त्याला तिथी नाही, म्हणून वर्षातला कुठलाही दिवस, चार वाजले की, त्याचाच असतो.