तेरुआकीची भूक

आमच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी चोवीस वर्षं उंदीर सांभाळते आहे. शेवटच्या रांगेतले उंदीर गोलमटोल आहेत. पोट भरल्याचा निरोप मेंदूत पोचवणारं एक इवलंसं पेप्टाइड त्यांच्यात जन्मापासूनच नाही. मग ते खातच राहतात, वजन वाढतं, आणि मागोमाग रक्तातली साखरही. कोणी त्यांना खादाड म्हटलं की मी खेकसते, "त्यांचा काय दोष? त्यांच्या डोक्यात भूक थांबतच नाही!"

माझा धाकटा भाऊ तेरुआकी कुरुमे शहरात सायकली दुरुस्त करतो. वजन एकशे आठ किलो, डायबिटीस, जेवणाआधी इन्सुलिन. त्याला मात्र मी वीस वर्षं खादाडच म्हणत आले.

प्रयोगात मेलेल्या प्राण्यांसाठी आम्ही दर शरदात प्रार्थना ठेवतो. यंदाही मी पांढरी शेवंती वाहिली, कमरेत वाकून उंदरांची माफी मागितली आणि दुपारी घरी आले. तेरुआकीला जेवायला बोलावलं होतं. त्याने आत जाऊन इंजेक्शन घेतलं आणि बाहेर येऊन भात वाढून घेतला. सोबत भाजलेला बांगडा होता.

"अरे, वाडगा आहे की परात?" मी म्हणाले. "याच डायबिटीसने बाबांचा पाय कापावा लागला तेव्हा ढसाढसा रडला होतास ना? विसरलास?"

तो ओशाळून हसला. "ताई, खरं सांगू? जेवून उठलो तरी मला भूक असते गं."

"सगळे हेच सांगतात. तोंडावर ताबा नको?"

हेच एखाद्या उंदराला बोलता आलं असतं, तर आमच्या प्राध्यापकांनी त्यावर शोधनिबंध लिहिला असता.

तेरुआकीने चॉपस्टिक खाली ठेवल्या. एक घासही घेतला नाही. मी वाडगा उचलून ओट्यावर नेला. जिंकल्यासारखं वाटलं मला, खोटं कशाला सांगू!

बिनसाखरेचा चहा पिऊन अर्ध्या तासाने तो निघाला. दारात बुटाचे बंद बांधताना त्याची बोटं थरथरत होती, मानेवर घाम होता. साखर उतरल्याची लक्षणं मी उंदरात लांबून ओळखते. त्याला म्हणाले, "बघ, वाकवत नाही. पोट आड येतं."

तो बसथांब्यावर कोसळला. इन्सुलिन अंगात गेलं होतं आणि पोटात अन्नाचा कण नव्हता.

शिरेतून ग्लुकोज दिल्यावर हॉस्पिटलात त्याने डोळे उघडले. त्याच्याही मेंदूत एखादा निरोप अडतो का, मला माहीत नाही. इतक्या वर्षांत मी कधी विचारच केला नाही. उशाशी बसून मी माफीचे शब्द जुळवत होते.

मला पाहताच तो दचकला. घाईघाईने म्हणाला, "ताई, रागावू नकोस. शपथ, मी काही खाल्लं नव्हतं."