बॉनेटचा रंग

विहंगने हातातलं मीटर बॉनेटवर टेकवलं, आकडा पाहिला आणि वीतभर सरकवून पुन्हा टेकवलं. मग गाडीला वळसा घालून तो मागच्या दाराकडे गेला, तिथेही टेकवून पाहिलं आणि परत बॉनेटपाशी आला. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या देवश्रीला वाटलं, यंत्र बिघडलं असावं.

“काकी, गाडी कधी ठोकली होती का?”

“नाही रे. का?”

“हे बॉनेट रिपेंट आहे. हा डावा फेंडर पण, चाकावरचा पत्रा.” त्याने तिला जवळ बोलावून आकडे दाखवले. दारांवर शंभराच्या आसपास राहणारा आकडा बॉनेटवर अडीचशेच्या पुढे जात होता. “रंग किती जाड आहे ते दाखवतं हे. कंपनीचा पेंट इतका मोटा नसतो. कोणीतरी पुट्टी भरून नवीन रंग मारलाय.”

“शोरूममधून नवी घेतलेली गाडी आहे. नारळ मीच फोडला होता.”

“मग नंतर झालं असेल. काम बढिया केलंय हां. मीटर नसतं तर मला पण नसतं कळलं.”

देवश्रीने बॉनेटवर हात फिरवला. गुळगुळीत होतं. या बॉनेटवर तिने कितीदा भाजीच्या पिशव्या टेकवल्या होत्या.

कोटिंग करायचं तिनेच मनावर घेतलं होतं. तिचा नवरा वीरेंद्र धारला सरकारी नोकरीत होता. सोमवारी पहाटे जायचा, शनिवारी संध्याकाळी देवासला परतायचा. पूर्वी गाडी त्याच्याबरोबर असायची. गेल्या वर्षापासून तो बसने ये-जा करू लागला आणि गाडी आठवडाभर घरासमोरच्या कडुनिंबाखाली उभी राहू लागली. वरून पाखरांची घाण, बोअरिंगच्या पाण्याने धुतली की पांढरे ठिपके, ते घासले की बारीक ओरखडे. मैत्रिणीच्या भावाने ए.बी. रोडवर दुकान टाकलंय, रंगावर संरक्षक थर देणारं सिरॅमिक कोटिंग करून घेऊ, असं लेकीने, उर्वीने सुचवलं. वीरेंद्रला फोनवर विचारलं तर तो म्हणाला होता, “नुसती चमक असते ती. उपयोग काही नाही. राहू दे.” तो इतक्या घाईने राहू दे म्हणाला, याचं तिला तेव्हा काही वाटलं नव्हतं. शनिवारी तो येईल तेव्हा गाडी चकचकीत करून दाखवायची, एवढंच तिच्या मनात होतं.

“विहंग, खरं सांग. या कोटिंगचा उपयोग होतो का?”

काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं. विहंगने मात्र प्रश्न मनावर घेतला.

“दगड लागला तर टवका उडणारच, काकी. चावीनं कोणी ओरखडा काढला तर तो पण उठणार. लोकांना वाटतं काच बसवली गाडीवर, तसं काही नाही. धूळ कमी चिकटते, धुवायला सोपं जातं. घाण पडली आणि लवकर पुसली तर रंग खराब होत नाही. रोज झाडाखाली उभी असते, तर मी म्हणेन करा. पण आधी पॉलिश करावं लागतं, त्यात रंगाचा थोडा थर जातोच. बॉनेटवर हळू हात चालवीन मी. करू का सुरू?”

“आज राहू दे,” देवश्री म्हणाली. “आधी ह्यांना विचारते.”

घरी येताना तिने गाडी फार हळू चालवली. मागच्यांनी हॉर्न वाजवले तरी वेग वाढवला नाही. गेल्या वर्षीचा तो आठवडा तिला आता नीट आठवत होता. वीरेंद्र शनिवारी बसने आला होता. एसीचं काम निघालंय, पार्ट इंदूरहून यायचाय, असं म्हणाला होता. पुढच्या आठवड्यात गॅरेजचा माणूस गाडी दाराशी सोडून गेला. तिने त्याला चहा दिला, एसी नीट झाला का विचारलं, तेव्हा तो क्षणभर गोंधळला होता. आणि वीरेंद्र सांगू लागला होता की इंदूरच्या ट्रॅफिकमध्ये जीव नकोसा होतो, बसच बरी, झोप तरी होते.

बॉनेट आणि डावा फेंडर. डावीकडून माणसं चालतात. सायकली जातात.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. शुक्रवारी शाळेत शिकवताना ती दोनदा मध्येच थांबली. फळ्यावर लिहिलेलं वाक्य अर्धंच राहिलं आणि मुली एकमेकींकडे बघू लागल्या. वर्तमानपत्रातल्या त्या ठरावीक ओळी तिला सारख्या आठवत होत्या, अज्ञात वाहनाची धडक, चालक फरार. वीरेंद्र तसा नव्हता. रस्त्यात कुत्रं दिसलं तरी गाडी थांबवून ते बाजूला होईपर्यंत वाट पाहणारा माणूस. पण मग तो बोलला का नाही?

संध्याकाळी तिने उर्वीला सहज विचारल्यासारखं विचारलं, “बाबा कधी गाडी ठोकल्याचं बोलले होते का गं तुझ्याशी?”

“नाही तर. बाबा चालवतात कुठे आता? आपण कुठे पण गेलो तरी मलाच देतात. खातेगांवला लग्नाला गेलो, तेव्हा जाताना-येताना मीच तर होते.”

“तुला सराव व्हावा म्हणून देतात.”

“पूर्ण एक साल सराव?” उर्वी हसली आणि मोबाइलमध्ये डोकं घालून आत गेली.

देवश्री पोळ्या लाटत उभी राहिली. लेकीवर एवढा भरवसा टाकणारा बाप म्हणून तिने माहेरी नवऱ्याचं कौतुक केलं होतं.

शनिवारी ती एकटीच गाडी घेऊन बसस्टँडवर गेली. पाच वाजून गेले होते. इंदूरहून आलेल्या बसमधून वीरेंद्र उतरला, खांद्याला बॅग, हातात उर्वीसाठी घेतलेला फरसाणाचा पुडा. तिला पाहून तो हसला. ती गाडीतून उतरली आणि तिने किल्ली पुढे केली.

“तुम्ही चालवा.”

“उर्वी नाही आली?”

“तिचा क्लास आहे.”

“मग तूच चालव ना. इथवर तर आणलीस.”

“हात दुखतोय माझा.”

वीरेंद्रने तिच्या हाताकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं. बॅग मागे ठेवून तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. देवश्री शेजारी बसली. त्याने किल्ली लावली. आरसा सारखा केला, मग पुन्हा केला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत राहिला. समोरून एक रिक्षा गेली, मग एक बाई दोन मुलांना घेऊन गेली. रस्ता मोकळा झाला तरी त्याने गाडी चालू केली नाही. त्याच्या कपाळावर घाम आलेला तिला दिसला.

“बॉनेटचं मला कळलंय,” देवश्री म्हणाली.

त्याचे हात स्टिअरिंगवरून खाली आले.

“कोणी सांगितलं?”

“कोटिंगला नेली होती. त्याच्याकडे मीटर असतं.”

“तरी सांगितलं होतं तुला. काही उपयोग नसतो कोटिंगचा.”

“झाला ना.”

तिला वाटलं, आता हा काहीतरी रचून सांगेल, नीलगाय आडवी आली म्हणेल, आणि आपणही ते मान्य करू. तिची त्याला तयारी होती.

“सरदारपूरकडून येत होतो,” तो म्हणाला. “दुपारची वेळ. ऊन स्वच्छ होतं. रस्ता दिसत होता आणि मग एकदम झाड होतं. मधलं काहीच नाही. झोप नव्हती, देवश्री. झोप कशी येते ते मला माहीत आहे.”

“रस्त्यावर कोणी होतं?”

“नाही.” मग तो थांबला. “नव्हतं, असं लोक म्हणाले. मला तर काही दिसलंच नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी बसने परत गेलो तिथे. टपरीवाल्याला विचारलं, शेतातल्या माणसांना विचारलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. कोणी नव्हतं.”

देवश्रीने डोळे मिटले. तिने पदराच्या टोकाने तोंड पुसलं. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“एवढंच ना? मग लपवलंत कशाला?”

खिडकीबाहेर कंडक्टर उज्जैन, उज्जैन म्हणून ओरडत होता. वीरेंद्रने काच वर केली.

“डॉक्टरांकडे गेला होतात?” तिने विचारलं.

“जाईन म्हणत होतो. मग वाटलं, एकदाच झालंय. गाडीला हात लावायचा नाही, तुम्हा दोघींना घेऊन तर नाहीच नाही, एवढं मी पाळलं.”

“एकदाच झालंय ना?”

त्याने फरसाणाचा पुडा डॅशबोर्डवर नीट सरळ करून ठेवला.

“चालत्या गाडीत एकदाच.”

देवश्रीचा हात त्याच्या गुडघ्यावरच राहिला.

“ऑफिसात झालं, होळीच्या सुमाराला. समोरचा माणूस फाइल पुढे धरून उभा होता, मला वाटलं आत्ताच आला. आणि घरी एकदा. सोफ्यावर. तू आत कुकर लावत होतीस. तू दोनदा विचारलंस, मीठ आणलं का म्हणून. नंतर बाहेर येऊन म्हणालीस, कान कुठे आहेत तुमचे.”

तिला ते आठवलं. ती रागावली होती त्या दिवशी.

ती खाली उतरली, गाडीच्या पुढून फिरून त्याच्या बाजूला आली आणि तिने दार उघडलं. तो काही न विचारता उतरून पलीकडे जाऊन बसला. देवश्रीने सीट पुढे ओढली. गाडी चालू केली.

चौकात आल्यावर घराकडे वळायचं सोडून तिने इंदूरचा रस्ता धरला. त्या रस्त्यावर तिने आजवर कधी गाडी घातली नव्हती. डावीकडून एक मोठा ट्रक घासून गेल्यासारखा गेला, तिने स्टिअरिंग घट्ट धरलं.

“उर्वी वाट बघत असेल,” वीरेंद्र म्हणाला.

“तिला फोन करा. म्हणावं, इंदूरला डॉक्टरांकडे जातोय, जेवून घे.”

त्याने फोन काढला. मग विचारलं, “आणि काय सांगू तिला?”

देवश्री समोर बघत होती.

“खरं सांगा,” ती म्हणाली. “आणि माझ्याशी बोलत राहा. थांबू नका.”