सेफेरिनाची इंग्रजी परीक्षा

सेफेरिनाचा तेयो अमेरिकेत आहे, हे आमच्या पात्सुन गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. तो निघाला तेव्हा पाद्रीबाबांनी त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली होती, त्याच्या मामाने फटाके लावले होते आणि मी स्वतः त्याच्या पिशवीत मक्याच्या पिठाचे वाफवलेले बारा तमाल बांधून दिले होते. मी लोरेंसा, सेफेरिनाची शेजारीण. आमची परसं एकमेकींना लागून आहेत. मधे मक्याच्या ताटांचं कुंपण आहे, त्याला एक भगदाड आहे आणि त्यातून मीठ, निखारे नि गावभरच्या बातम्या इकडून तिकडे होतात. तेयो रांगायला शिकला तो माझ्याच अंगणात.

दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. चेहरा कधी दिसायचा नाही. "इथे नेट फार महाग आहे गं आई," म्हणायचा. नुसता आवाज. कागदपत्रं झाली की तो आईला तिकडे बोलावून घेणार होता, आणि आई विमानतळावर उपाशी राहील याची त्याला भारी काळजी. म्हणून त्याने तिला फोनवरच शिकवायला घेतलं होतं. तो वेटर व्हायचा, ही गिऱ्हाईक.

"गुड आफ्टरनून, मॅडम. आर यू रेडी टु ऑर्डर?"

"येस, प्लीज!" सेफेरिना भाकरी थापता थापता ओरडायची. फोन चुलीशेजारच्या फळीवर उभा असायचा. दर रविवारी ती काहीतरी नवीन मागवायची. मग भगदाडातून डोकं घालून मला सांगायची, "आज मासा मागवला बघ. लिंबू वेगळं."

"मागव, मागव," मी म्हणायची. "जेवायला मात्र काळा घेवडाच आहे."

पुढे आमच्या विणकर बायकांच्या संस्थेनेच इंग्रजीचा वर्ग काढला. माग बघायला परदेशी पाहुणे येतात, त्यांना आम्ही जेवू घालतो, पण त्यांना हवं ते आम्हाला कळत नाही आणि आमचं त्यांना. दर शनिवारी चिमाल्तेनांगो शहरात जायचं. वर्गात आम्ही आठ जणी होतो, आठही साठीच्या अलीकडे-पलीकडे. पात्सुनच्या आम्ही दोघीच, बाकीच्या आसपासच्या गावांतल्या. शिकवायला मिर्नाबाई. माझी जीभ काही वळेना. 'चिकन' आणि 'किचन' यांत मी सहा आठवडे गोते खाल्ले. एकदा तर अख्खं स्वयंपाकघर रश्शासकट मागवलं. सेफेरिना मात्र घडाघडा बोलायची.

"घरी कोण शिकवतं हो तुम्हाला?" मिर्नाबाईंनी विचारलं.

"माझा मुलगा. अमेरिकेत असतो." हे सांगताना तिची मान जरा उंच व्हायची. का होऊ नये?

चार महिन्यांनी परीक्षा ठरली. कागदावरची नाही. मिर्नाबाईंनी पर्यटकांनी गजबजलेल्या अँतिग्वा शहरातल्या एका हॉटेलात टेबल सांगून ठेवलं होतं. आठ जणींनी जायचं, आपापलं जेवण इंग्रजीत मागवायचं, खायचं आणि परत यायचं. हॉटेलच्या मालकिणीलाही सांगून ठेवलं होतं की या बायकांशी कुणी स्पॅनिश बोलायचं नाही.

"स्पॅनिश बोलली तिचे दोन गुण गेले," बसमध्ये मिर्नाबाई म्हणाल्या. "आणि घरची भाषा बोलली तिचे चार."

"आणि गप्प बसली तर?" मी विचारलं.

"तर उपाशी."

सगळ्या हसल्या. सणाचं विपील, म्हणजे आमचं हातमागावरचं पोलकं, घालून निघालो होतो सगळ्या. सेफेरिनाने तर नवं, पाखरांच्या भरतकामाचं घातलं होतं. म्हणाली, उद्या रविवार, तेयोला सगळं सांगते.

अँतिग्वातलं ते हॉटेल म्हणजे मोकळा चौक, कडेने झाडं, मधे लांब टेबल. सेफेरिना मुदपाकखान्याकडे पाठ करून बसली, मी तिच्या शेजारी. मिर्नाबाई वही उघडून टोकाला बसल्या. आम्ही खुर्च्या सरकवतोय तोवर मागून आवाज आला.

"गुड आफ्टरनून, लेडीज. आर यू रेडी टु ऑर्डर?"

सेफेरिनाचा हात कंबरेला गेला. कंबरेच्या विणलेल्या पट्ट्यात तिचा फोन खोचलेला असतो. तिने तो काढला, हसतच काढला, आणि पडदा काळा बघून उलटा करून पाहिला. मग माझ्याकडे बघितलं. अगं, हा वाजला तर नाही, मग आवाज कुठला, असं तिच्या डोळ्यांत होतं.

तोवर वेटर टेबलाला वळसा घालून समोर आला होता. पांढरा शर्ट, काळा एप्रन, छातीवर 'टोनी' लिहिलेली पट्टी.

तो तेयो होता.

मी टेबलाची कड घट्ट धरली. वाटलं, दिसायला सारखा असेल. जगात एका चेहऱ्याची सात माणसं असतात म्हणतात. पण डाव्या भुवईवरचा तो व्रण माझ्याच पाट्यावर आपटून पडलेला. आणि त्यानेही आम्हाला पाहिलं होतं. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यामागचं सगळं निघून गेलं. मढ्याच्या चेहऱ्यावर कुणी हसू काढून ठेवावं तसं. मालकीण गल्ल्यापाशी उभी राहून बघत होती. त्याने वही उघडली आणि दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.

एकेक बाई मागवत होती. कुणी पेपियानचा रस्सा, कुणी अंडी. तो "येस, मॅडम", "थँक यू, मॅडम" म्हणत पुढे सरकत होता. मी काय मागवलं ते आजही मला आठवत नाही. त्याच्या हातातली पेन्सिल कागदावर उमटतच नव्हती एवढं आठवतं. मग सेफेरिनाची पाळी आली.

ती त्याच्याकडे बघत होती. पापणी हलत नव्हती. मला वाटलं आता किंचाळणार, आता कोसळणार. पण चार महिन्यांची आणि कित्येक रविवारांची सवय झालेली तिची जीभ आपली आपण सुरू झाली.

"आय वुड लाइक... चिकन सूप, प्लीज."

"येस, मॅडम. एनिथिंग टु ड्रिंक?"

"वॉटर. प्लीज."

"एनिथिंग एल्स?" त्याचा आवाज फाटला.

आमच्या पाठातलं एक वाक्य होतं, जेवणाला किती वेळ लागेल हे विचारायचं. तिने त्यातले पहिले दोनच शब्द घेतले.

"हाउ लाँग?"

गल्ल्यावरून मालकिणीने मान उंचावली.

"हाउ लाँग?" सेफेरिनाने पुन्हा विचारलं, हळू.

"टू इयर्स, मॅडम," तो म्हणाला.

टेबलावर एकच हशा पिकला. "अगो बाई, सूप यायला दोन वर्षं! कोंबडी अंड्यातून निघायचीय वाटतं अजून!" मिर्नाबाईही हसल्या, म्हणाल्या, "ट्वेंटी मिनिट्स म्हणायचं असेल त्याला, गडबडला बिचारा. सेफेरिनाताई, पैकीच्या पैकी!" आणि वहीत खूण केली.

दोन वर्षं. तो घरातून निघाला त्याला सव्वादोन झाली होती.

सूप दुसऱ्याच पोरीने आणून ठेवलं. सेफेरिनाने चमचा उचलला नाही. थोड्या वेळाने ती उठली आणि सरळ मुदपाकखान्याच्या बाजूच्या बोळात शिरली. मी मिर्नाबाईंना "टॉयलेट, प्लीज" म्हटलं नि तिच्या मागे धावले.

मागच्या अंगणात, भांडी घासायच्या हौदाजवळ तो शीतपेयांच्या पालथ्या खोक्यावर बसला होता. आईला बघून उभा राहिला. ती त्याच्यापुढे गेली, त्याच्या कानाला हात लावला, गालाला लावला, मग छातीवरची ती पट्टी चिमटीत धरली.

"हा टोनी कोण?"

"इथे सगळ्यांना सोपी नावं देतात."

"तू म्हणालास बर्फ पडतं. म्हणालास, आई, हातमोजे पाठव."

"आई..."

"मी विणून दिले. ते पाकीट कुणाच्या पत्त्यावर गेलं?"

"तिकडे एक ओळखीचा आहे. तुला फोनवर दिसायचा तो नंबरही त्याच्याच नावावरचा." त्याने मान खाली घातली. "मला सीमेपलीकडे चौथ्या दिवशीच पकडलं गं. महिना-दोन महिने कोंडून ठेवलं आणि विमानात बसवून परत पाठवलं. मी गावाकडच्या बसमध्ये बसलोही होतो. फाट्यावर बस थांबली. समोर मामा उभा दिसला, चार माणसांत हसत होता. मला उतरताच येईना. पाय उचलेना. बस पुढे निघाली, तसा मीही गेलो."

"एक दिवस उशिरा उतरायचं होतंस," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी उतरायचं होतंस."

"काकू, एक दिवस गेला की दुसरा जास्त कठीण जातो."

सेफेरिनाचं त्याच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ती कसलातरी हिशेब लावत होती. मग तिने विचारलं, "एप्रिलात माझं पोट फाडलं तेव्हा तू कुठे होतास?"

एप्रिलात तिच्या पित्ताशयातले खडे काढले होते. अकरा दिवस ती हॉस्पिटलात होती. तेयो फोनवर हुंदके देऊन रडला होता. "आई, मला निघता येत नाही गं, निघालो तर परत येऊ देणार नाहीत." आणि ही, नळ्या लावलेली बाई, त्याचीच समजूत काढत होती. मी फोन धरून उभी होते.

"मी आलो होतो," तो म्हणाला.

"काय?"

"तीन दिवस आलो. फाटकासमोरच्या औषधांच्या दुकानापाशी उभा राहायचो. काकू थर्मास घेऊन आत जाताना दिसायच्या. एकदा त्यांच्या हातात फुलं होती, पिवळी."

पिवळीच होती. मी मटकन हौदाच्या कठड्यावर बसले. तोवर मी त्याच्या बाजूने विचार करत होते. पोर लाजलं, घाबरलं, होतं असं. पण रस्त्याच्या पलीकडे उभं राहून, आत आई मरते की जगते हे माझ्या थर्मासवरून ओळखायचं?

सेफेरिनाने हात उगारला. मला वाटलं, देणार आता एक. पण तिने तो तसाच खाली आणला आणि विपीलवर पुसला, जणू काही चिकटलं होतं.

"उद्या फोन करू नकोस," ती म्हणाली. "पुढच्या रविवारीही नको. मला त्या आवाजाशी बोलायचं नाही. यायचं असेल तर पायांनी ये."

आतून मालकिणीने "टोनी!" अशी हाक मारली. तो डोळे पुसत आत गेला.

परतीच्या बसमध्ये मिर्नाबाईंनी सगळ्यांना प्रमाणपत्रं वाटली. सेफेरिनाने आपलं प्रमाणपत्र मांडीवर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी म्हटलं, "कुणाला कळायचं नाही. माझ्या तोंडून तर मेले तरी नाही."

मंगळवारी बाजारात कांदेवालीने नेहमीसारखं विचारलं, "काय गं सेफा, तेयो काय म्हणतो? कधी बोलावतोय अमेरिकेला?"

"तेयो अँतिग्वात आहे," सेफेरिना म्हणाली. "हॉटेलात वेटर आहे. दोन वर्षं तिथेच होता. मला शनिवारी कळलं."

कांदेवालीचा तराजू तसाच लोंबकळत राहिला. शेजारच्या तिघी-चौघींनी माना वळवल्या. गावात तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून ही खोटं बोलेल, निदान गप्प बसेल, असं मी धरून चालले होते. तिने कांदे निवडले, टोपलीत टाकले आणि पुढच्या दुकानाकडे गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कुणी म्हणालं, आईला ठाऊकच असणार. कुणी म्हणालं, अमेरिका आता बसने दीड तासावर आली. त्याचा मामा तर येऊन अंगणात थुंकून गेला. ज्याला जे बोलायचं ते सेफेरिनाने बोलू दिलं.

दोन रविवार फोन वाजला नाही. त्यानंतरच्या मंगळवारी, भर बाजारात, अकराच्या बसमधून तेयो उतरला. लोक बाजूला झाले, बघत राहिले, कुणी शिट्टी मारली. तो मान खाली घालून आईच्या दारापर्यंत चालत आला. तिने त्याला आत घेतलं. रडारड नाही, मिठी नाही. मला भगदाडातून फक्त ताट ठेवल्याचा आवाज आला.

आता तो दर पंधरा दिवसांनी सुट्टीला येतो. दोघं बोलतात ते छपराबद्दल, मक्याबद्दल, मामाच्या रागाबद्दल. त्या चार दिवसांत तिकडे काय झालं हे तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

गेल्या खेपेला दुपारी सेफेरिनाने मला भगदाडातून हात करून बोलावलं. तेयो खाटेवर गाढ झोपला होता. घरात असतानाही तो बूट काढत नाही, झोपतानाही नाही, हे तिच्या डोक्यात बसलं होतं, म्हणून तिने हलकेच ते काढले होते. मोजेही. मी वाकून पाहिलं आणि तोंडावर हात दाबला. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. जखम भरलेली होती, जुनी, पण वेडीवाकडी, कुणी धड न बांधलेली.

सेफेरिना बराच वेळ बघत उभी राहिली. मग तिने मोजे पुन्हा चढवले, बूट चढवले, नाड्या होत्या तशाच सैल बांधल्या.

"उठला की त्याला काही विचारू नकोस," मला कुजबुजत म्हणाली. "सांगेल तेव्हा सांगेल."

आणि ती त्याच्या पायथ्याशी जमिनीवर बसून राहिली.