देवाची उंची

छिन्नीचा पुढचा घाव बसला आणि लिंग मृत्युंजयनच्या अंगावर कलले.

छिन्नी टाकून त्याने ते दोन्ही हातांनी छातीशी धरले. दगड थंड होता, वर्षानुवर्षांच्या तेलाने गुळगुळीत झालेला. तीन दिवसांपूर्वीच देवाचे तेज मंत्रांनी कुंभात उतरवले होते. हा आता नुसता दगड आहे, असे तो स्वतःला सांगत राहिला. मग पायानेच लाकडी पाचर जवळ ओढली, दगडाला लावली आणि एकेक बोट सैल केले.

दर बारा वर्षांनी कुंभाभिषेक, म्हणजे कुंभातले तेज पुन्हा देवात आणायचा सोहळा, व्हायचा. त्याआधी लाख, राळ, चुनखडी, मेण आणि लोणी कुटून केलेला लेप लिंगाभोवती नव्याने भरायचा. मागच्या वेळी हे काम वडिलांनी एकट्याने केले होते. मृत्युंजयनची ही पहिलीच वेळ होती.

त्याने समई जमिनीवर ठेवली आणि वाकून पाहिले. दगड खालच्या दगडी पीठात सहा बोटे खोल बसवलेला असतो, हे त्याला लहानपणापासून पाठ होते. आत दोनच बोटे होती. त्याखाली डोशांच्या चवडीसारखे जुन्या लेपाचे थर होते, एकावर एक. त्याने ते मोजले. अकरा. पुन्हा मोजले.

वडील, देवळाचे थोरले पुजारी आपत्सहायम गुरुक्कळ, गाभाऱ्याबाहेर उंबऱ्याशी बसून बेलाची पाने निवडत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे. मृत्युंजयन त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"अप्पा, देव हलतो."

गुरुक्कळांनी एक किडके पान बाजूला टाकले.

"माझ्या वेळी एवढा हलत नव्हता," ते म्हणाले.

मग मान वर न करता त्यांनी सगळे सांगितले. रोजच्या अभिषेकाचे दही, लिंबू, विभूती आणि आपलेच हात. देव वरून झिजतो. म्हणून कुणा पणजोबाने कुंभाभिषेकाच्या वेळी देव किंचित उचलून खाली लेपाचा एक थर सारला. पुढच्यानेही तेच केले. कुणी कुणाला शिकवले नाही. जुना लेप खरवडला की ज्याचे त्याला दिसतेच.

गावात गोष्ट वेगळी होती. एक म्हातारी या देवाला रोज एक तीळ वाहायची. मरताना तिला चिंता पडली, की आता याला खायला कोण घालणार? देव म्हणाला, तुझे तीळ मी अंगी लावून घेईन. तेव्हापासून दर कुंभाभिषेकाला देव तिळाएवढा वाढतो. पुजारी नव्या दोऱ्याने उंची मापतो आणि विणकरांच्या घरी जपलेल्या मागच्या दोऱ्याशी तो सगळ्यांसमोर ताडून पाहिला जातो. नवा दोरा आखूड भरला, तर त्या पुजाऱ्याच्या घराचा हात देवाला पुन्हा लागायचा नाही.

"अजून एक थर सहज बसेल," गुरुक्कळ म्हणाले.

"आणि एक दिवस दुधाची घागर ओतताना देव आडवा होईल."

"तो तुझ्या मुलाच्या वेळी."

"मला मुलीच आहेत, अप्पा."

"मग तुला कसली काळजी?"

मृत्युंजयन त्यांच्याकडे पाहत राहिला. बावीस वर्षे या माणसाच्या मागे उभा राहून तो आरतीची घंटा वाजवत आला होता. म्हातारा थट्टा करत होता की नाही, हे त्याला कळेना.

तो आत गेला. डावीकडे पाचर लावायची, उजवीकडचा थर फोडायचा, मग उलट. दुपार टळेपर्यंत त्याने अकराही थर काढले. दगड कुरकुरत खाली बसला, अगदी तळाशी. त्याने सगळे अंग लावून ढकलून पाहिले. हलला नाही. मग नवा लेप कडेपर्यंत ठासून भरला आणि हळद लावलेल्या नव्या दोऱ्याने उंची घेतली. मागच्यापेक्षा ती चार बोटे कमी असणार, हे त्याला मोजण्याआधीच ठाऊक होते. दोरा कापताना सुरी दोनदा घसरली.

तो बाहेर आल्यावर वडिलांनी त्याच्या हातातल्या दोऱ्याकडे पाहिले आणि मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. विणकरांकडची कुप्पाई पुढे आली. सत्तरीची, काटकुळी. तिने डबी उघडून जुना दोरा काढला, मृत्युंजयनच्या हातून नवा घेतला. दोन्हींची वरची टोके डाव्या मुठीत धरून तिने हात उंच केला.

मृत्युंजयनने डोळे मिटले. आता ओरडा होईल, आता होईल. त्याला फक्त कापूर जळण्याचा आवाज ऐकू येत होता.

मग हरहर महादेवचा गजर झाला.

त्याने डोळे उघडले. दोन दोरे शेजारी शेजारी लोंबत होते आणि नव्याचे टोक जुन्याच्या खाली उतरले होते. तिळाएवढे. असे होणे शक्यच नव्हते. त्याची नजर दोऱ्यांवरून वर चढत कुप्पाईच्या मुठीपाशी थांबली. तिच्या दोन बोटांच्या फटीत विटक्या, जुन्या दोऱ्याची घडी दिसत होती. चार बोटांची तरी.

लोक दर्शनाला पुढे सरकले. कुप्पाईने कुठलीही घाई न करता दोन्ही दोरे तळहाताभोवती गुंडाळले. विभूतीसाठी तिने त्याच्यापुढे हात पसरला आणि खालच्या आवाजात विचारले,

"आता पक्का बसलाय ना, सामी?"

मृत्युंजयनचा हात विभूतीच्या ताटातच राहिला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सासूनं दोन गोष्टी शिकवल्या," कुप्पाई म्हणाली. "दोरा कातायचा कसा, आणि कुणी देव खाली बसवला, तर दोरा धरायचा कसा. दुसरीची गरज आज पडली."

तिच्यामागे रांग ताटकळली होती. कुणीतरी म्हणाले, आजी, आटपा. ती हात पसरून तशीच उभी राहिली, उत्तराची वाट पाहत.