शून्य नंबरचं टोकन

दुपारी अडीचला उज्ज्वला कारखानीसने स्वतःच्या तीन प्रती काढल्या. कामाचा डोंगर साचला की त्या कंपनीत सगळेच काढत. कपाटाएवढ्या मशीनमध्ये एक बाई शिरायची आणि चौघी बाहेर पडायच्या, पर्स आणि आठवणींसकट. फरक काय तो टोकनात. मूळ बाईच्या टोकनावर तिच्या प्रतींचे नंबर, प्रतींच्या टोकनावर शून्य. आपली उज्ज्वला पडली घाईची. तिने टोकन न बघताच पर्समध्ये कोंबलं. सहाला पाळणाघरातून चिमीला आणायचं होतं ना!

काम संपलं की प्रतीने भिंतीशी उभं राहायचं, हातात चिठ्ठी धरून. किती वेळ लागला, किती आठवणी वापरल्या, सगळं त्या चिठ्ठीवर. मूळ बाईने सही केली की प्रत सुटली, जागच्या जागी विरून जायची. पण उज्ज्वलाला सहीचा भारी कंटाळा. "उद्या करते," म्हणायची आणि सटकायची. गेल्या आठवड्यातल्या दोघी अजून ताटकळत होत्या, थंडगार, डोळे उघडे. एकीच्या बोटाला ती आपली डब्याची पिशवी खुशाल अडकवून ठेवायची.

साडेपाचला तिने दाराशी टोकन काढून दिलं.

"शून्य," दारावरचे सोनटक्के म्हणाले. "भिंतीशी उभ्या राहा."

"अहो, काहीतरीच काय! मी उज्ज्वला. चिमी वाट बघतेय माझी."

"तिला आणायला मूळ बाई मघाशीच गेल्या."

तिने टोकन उलटून पाहिलं. "आणि माझी सही?"

"उद्या करते म्हणाल्या."

सोनटक्क्यांनी चिठ्ठी भरून तिच्या हातात दिली. वेळ: तीन तास. आठवणी: एकच, पण सारखी सारखी. तेवढं वाचेपर्यंत तिचे पाय गार पडले होते.

दुसऱ्या दिवशी पाळणाघराला सुट्टी होती. मूळ उज्ज्वला सकाळी चिमीला घेऊनच ऑफिसात आली. भिंतीशी उभ्या असलेल्या उज्ज्वलाला वाटलं, चिमीला हाक मारावी, पण जीभ हलेना. जीव नुसता तुटत होता.

चिमी थबकली. "आई, ही रडतेय."

"प्रती रडत नाहीत, बाळा. चल, उशीर होतोय."

आणि तिने चिमीच्या गळ्यातली पाण्याची बाटली काढून भिंतीशी उभ्या उज्ज्वलाच्या बोटाला अडकवली. झाकण नीट लागलेलं नव्हतं, त्यामुळे फरशीवरचे थेंब कशाचे, ते कुणालाच कळलं नाही.