नाताळच्या दिवशीचं कुलूप

थॉर्नलोच्या एनिड बॅगशॉचा राग तिच्या शेताच्या भिंतींसारखा होता. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. पण एकदा रचला की पिढ्यान्‌पिढ्या हलायचा नाही. धाकट्या बहिणीशी, ओलिव्हशी, तिचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं लोटली होती, आणि त्या भिंतीतला पहिला दगड एनिडनं स्वतःच्या हातानं बसवला होता.

आईला पुरून आल्यावर चहा होता. हातात सँडविचची बशी घेऊन एनिड सगळ्या गावासमोर म्हणाली, "ज्या पाण्यानं आमच्या बापाचं कुरण गिळलं, त्याच पाण्याची राखण करून काही जण पोट भरतात." धरण झालं तेव्हा खोऱ्यातली चांगली गवताची जमीन बुडाली, हे खरं. ओलिव्हचा नवरा क्लेम त्याच धरणावर राखणदार होता, हेही खरं. पण आईची माती अजून ओली असताना हे खरं बोलायची एवढी काय घाई लागली होती, ते एनिडला कुणी विचारलं नाही. क्लेमनं कप खाली ठेवला. ओलिव्हनं कोट घेतला. संपलं.

दोन घरांच्या मधे एक डोंगर तेवढा. एनिडच्या अंगणामागच्या फाटकातून पायवाट निघायची, पांढऱ्या चुनखडीच्या उतारावरून वर चढायची, मग काळ्या दलदलीचा माळ तुडवत पलीकडे धरणाच्या भिंतीशी उतरायची. लहानपणी दोघी बहिणी त्याच वाटेनं माळावरची बिलबेरीची निळी फळं तोडायला जायच्या आणि निळ्या जिभा घेऊन घरी यायच्या. आता त्या वाटेवर शहरातली माणसं दिसायची. रविवार उजाडला की लाल मोजे, पाठीवर पिशव्या, गळ्यात नकाशे. फाटक उघडं टाकायचे, मेंढ्यांना बिस्किटं चारायचे, गोठ्यात डोकावून किती छान किती छान करायचे. एनिड म्हणायची, यांच्या घरात जिने नाहीत का चढायला.

बाजाराच्या गावातल्या वकिलानं तिला सावध केलं होतं. लोक वर्षानुवर्षं बिनअडथळा चालत राहिले तर वाट त्यांच्या हक्काची होते, मग मालकाला काही बोलता येत नाही. त्यावर उपाय एकच, वर्षातून एक दिवस ती बंद ठेवायची. एनिडनं नाताळचा दिवस धरला, कारण त्या दिवशी कोण कुत्रं फिरायला येतंय. सकाळी साखळी, कुलूप, आणि फळीवर तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात: आज वाट बंद. हे सगळं बहिणींचं बिनसल्यावर सुरू झालं. ओलिव्हला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

एका वर्षी शरदात एनिड छातीच्या दुखण्यानं पडून होती. पडल्या माणसाला नको नको ते आठवतं. तिला ओलिव्हच्या निळ्या जिभेची आठवण यायची, आणि कुणाला सांगायची लाज वाटायची. बरी झाल्यावर तिनं पेंडीची लॉरी घेऊन येणाऱ्या सिरिलला हाताशी धरलं. त्याची लॉरी दोन्हीकडे जायची.

"ओलिव्हला सांग, यंदाचा हंस आम्हाला जास्त होणार आहे."

सिरिलनं विचारलं, म्हणजे नाताळात जेवायला ये असं सांगू का. एनिड म्हणाली, मी म्हटलं तेवढंच सांग, स्वतःचं शेपूट जोडू नकोस. तिला कळतं.

उलट निरोप आला नाही. पण त्या घराण्यात यायचं नसलं तर माणसं काहीतरी सबब कळवत, गप्प राहणं म्हणजे होकार, तेव्हा एनिडनं त्याचा अर्थ हो असाच घेतला.

नाताळच्या सकाळी जमीन बर्फानं झाकलेली होती आणि डोंगरावर धुकं बसलं होतं. एनिडनं नेहमीसारखं मागच्या फाटकाला कुलूप घातलं. टेबलावर एक बशी जास्त मांडली, सून ब्रेंडानं पाहिलं न पाहिलंसं केलं. मग एनिड पुढच्या खिडकीशी बसली, जिथून डांबरी रस्ता दिसतो. बस त्या दिवशी नसते. पण ओलिव्हला कुणीतरी गाडीतून सोडेल असं तिनं मनाशी धरलं होतं. साठीची बाई बर्फातून माळ ओलांडून पायी येईल हे तिच्या डोक्यातही आलं नाही. आणि गाडी पाठवते, असा निरोप द्यायला तिची जीभ काही रेटली नव्हती.

हंस भट्टीत सुकत गेला. शेवटी मुलगा वॉल्टर म्हणाला, आता खाऊ या, नाहीतर चामडं चावायला लागेल. जेवण झालं. तीन वाजता रेडिओवर राणीचं भाषण लागलं. त्या वेळी बॅगशॉंच्या घरात चमचासुद्धा वाजत नाही. नेमकं तेव्हाच कुत्रं भुंकायला लागलं, आणि मागच्या फाटकाकडून कुणीतरी हाक मारली. शब्द काही कळले नाहीत, नुसता आवाज.

एनिड दुपारपासून आतल्या आत शिजत होती. ती ताडकन उठली, मागचं दार उघडलं. फाटक कोठाराच्या आड होतं, पाच पावलं टाकली असती तर दिसलं असतं. तिनं उंबऱ्यावरूनच आवाज चढवला. "वाचता येत नाही का? बंद म्हणजे बंद. आलात तसे परत जा."

दार आपटून ती आत आली. म्हणाली, सणाच्या दिवशीसुद्धा यांना घरं नसतात. वॉल्टर हसला. एनिडनं ती कोरी बशी उचलून कपाटात ठेवली आणि म्हणाली, "नाही आली ते बरंच झालं. हंस पुरला."

दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन ती फाटकाशी गेली. बर्फात पावलं उमटली होती. एकाच माणसाची, लहान, बाजूला काठीची भोकं. वरून उतरलेली, फाटकासमोर बराच वेळ घुटमळलेली, आणि पुन्हा वर गेलेली. भिंतीवर बिलबेरीच्या मुरंब्याची बरणी होती. तोंडाला फडकं बांधलेलं, गाठ आई मारायची तशी.

एनिड तिथे किती वेळ उभी होती कोण जाणे. ब्रेंडा शोधत आली, तिनं पावलं पाहिली, बरणी पाहिली, आणि तिला सगळं कळलं.

"आई, आत्ताच्या आत्ता जा. वॉल्टर व्हॅन काढतो."

"तिला भिंत चढून येता येत नव्हतं? लहानपणी तर माकडासारखी चढायची."

"साठीच्या आहेत त्या, आई. अंधार पडताना परत गेल्या असतील माळावरून."

एनिडनं तिला सांगितलं की सुनेनं चुलीपुरतं बोलावं. त्या दिवशी ती गेली नाही. मग बर्फ वाढला. मग तिचा खोकला उलटला. मग मेंढ्या व्यायला लागल्या, आणि त्या दिवसांत कुणी शेत सोडून जात नाही, हे कारण तर अगदी खणखणीत होतं. एकच वाक्य सांगायचं होतं. ते तिनं व्यायला टेकलेल्या प्रत्येक मेंढीला सांगून पाहिलं, आणि मेंढ्यांना ते सहज सांगता आलं. ओलिव्हनं एखादा निरोप धाडला तर काय बिघडेल, असंही ती म्हणे. बहिणीनं बर्फातून डोंगर ओलांडला होता. आणखी काय धाडायचं राहिलं होतं, ते देव जाणे.

मे महिन्यात ती निघाली. व्हॅन नको म्हणाली. पायीच जायला हवं होतं, तेवढं तिलाही कळत होतं. चुनखडीचा चढ तिनं दम खात खात काढला. वर माळावर गवताळ ढेकळांमधून काळं पाणी चमकत होतं. पाठीवर पिशवी घेतलेल्या दोन पोरींनी दलदलीपाशी तिला हात पुढे केला. मी या चिखलात जन्मले, असं ती त्यांना म्हणाली, आणि तरी हात धरला.

राखणदाराच्या घरात खोकी बांधून ठेवली होती. ओलिव्हनं दार उघडलं, "ये" म्हणाली, आणि सोनेरी काठाचे कप काढले. ते पाद्री आला की काढायचे कप. घरच्या माणसासाठी ते कधी निघत नसत. क्लेमनं टोपी उचलून मान लववली आणि पाणी बघून येतो म्हणून बाहेर गेला. ओलिव्हनं सांगितलं की क्लेमची नोकरी संपली, घर नोकरीबरोबरच जातं. जूनअखेर ते कॅनडात मुलाकडे चालले होते, कायमचे. नाताळात मी तेच सांगायला आले होते, असं ती म्हणाली, दूध ओतता ओतता.

आता तरी एनिडनं ते वाक्य बोलायचं. तिच्या तोंडून आलं, कॅनडात धड चहा तरी मिळतो का. ओलिव्ह म्हणाली, मिळत असेल. मग दोघींनी मेंढ्यांबद्दल, ब्रेंडाच्या पोरांबद्दल, हवेबद्दल बोलून घेतलं.

ओलिव्ह तिला धरणाच्या भिंतीच्या टोकापर्यंत सोडायला आली. खाली पाणी शिशासारखं पडलं होतं, आणि त्याच्या तळाशी कुठेतरी बापाचं कुरण.

"ती मी ओरडले होते," एनिड म्हणाली. "मला वाटलं, फिरायला आलेलं कुणीतरी आहे."

"माहीत आहे."

"मग नावानं हाक का नाही मारलीस?"

"नावानंच मारली होती, एनी."

ओलिव्हच बोलली, रागानं नाही, जशी काही दुसऱ्या कुणाची गोष्ट.

"माळावर पोचेपर्यंत वाटत होतं, मलाच म्हणालीस. मग म्हटलं, नाही, एनी तोंडाची फाटकी आहे, पण इतकी नाही. उद्या फाटक उघडायला तीच येणार, बरणी बघणार, आणि येणार धावत. सकाळी उठून चूल मोठी पेटवली. दुसऱ्या दिवशीही पेटवली. बर्फ वितळेपर्यंत त्या वाटेकडे बघत होते. मग सोडून दिलं गं."

"मेंढ्या व्यायल्या होत्या," एनिड म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला स्वतःची जीभ उपटून पाण्यात टाकावीशी वाटली.

"हो. असणारच."

"जायच्या आधी एकदा जेवायला या. दोघंही." क्लेमला बोलावणं एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच जात होतं.

ओलिव्ह पाण्याकडे बघत राहिली. "बघू," म्हणाली.

त्यांची आई जे करायचं नसेल त्याला बघू म्हणायची. जत्रेला नेशील का, बघू. नवे बूट घेशील का, बघू. दोघी त्या शब्दावर वाढल्या होत्या. एनिडनं बहिणीचा हात धरला, सोडला, आणि चढाला लागली. वर जाऊन वळून पाहिलं तेव्हा ओलिव्ह घरात गेली होती.

जूनमधल्या दर रविवारी एनिडनं दोन बशा जास्त मांडल्या आणि मागच्या फाटकाशी दगडावर जाऊन बसली. फिरायला येणारे तिला नमस्कार करायचे, तीही मान हलवायची. कुणी फाटक उघडं टाकलं तरी ओरडायची नाही. शेवटच्या रविवारी एक बाई थांबली, घाम पुसत म्हणाली, काय सुंदर जागा शोधलीय तुम्ही बसायला, आजी. एनिड हो म्हणाली, आणि त्या बाईच्या खांद्यावरून वर वाटेकडे बघत राहिली.