न वाजणारी चप्पल

उदयसिंहांची पायताणं उचगावच्या गल्लीत शिरली की घराला कळायचं. तेल पाजून पाजून काळी पडलेली, करकर वाजणारी पायताणं. करून घेतानाच ते कारागिराला बजावत, "वाजली न्हाईत तर आणून डोक्यात घालीन." कोपऱ्यावर करकर झाली की घरातला टीव्ही बंद व्हायचा, सुनेचा पदर डोक्यावर जायचा आणि त्यांची बायको, जिला सगळे आक्का म्हणत, चहा टाकायला धावायची. घरात त्यांना आण्णा म्हणत. ह्या धावपळीला आण्णा मान म्हणत. उभं आयुष्य त्यांनी हा मान खाल्ला.

आक्का गेली. मग साखरेनं उजव्या पायाचा अंगठा नेला. डॉक्टरनं कातडी पायताणं बंद केली. सून संयोगितानं मऊ चप्पल आणली. काळी, रुंद, वर चिकटवायचा पट्टा, खाली स्पंजागत तळ.

"ह्ये काय म्हशीचं खूर आणलंस?"

"डॉक्टरनी सांगितलीया, आण्णा."

"मग डॉक्टरच्या बापाला घाल."

पण पायताण पायात धरून ठेवतो तो अंगठा, आणि अंगठाच नव्हता. दोन पावलं टाकली की पायताण मागंच राहायचं. म्हणून मऊ चप्पल आधी संडासापुरती घातली. मग गोठ्यापर्यंत. मग दूध घालायला डेअरीत. तिथं एकजण म्हणाला, "काय आण्णा, सुनेची घातलीसा व्हय?" आण्णा तणतणत घरी आले, पायताण चढवलं आणि उंबऱ्यातच तोंडावर आपटले. दुसऱ्या दिवशी खाली मान घालून मऊ चप्पल घातली. पायाला बरं वाटत होतं, तेच त्यांना सोसत नव्हतं. पावसाळा सरता सरता ती चप्पल घरात, दारात, लग्नकार्यात, सगळीकडं पायात आली.

ती वाजत नव्हती, हे मात्र घरातल्यांच्या उशिरा ध्यानात आलं.

पहिल्यांदा संयोगिता सापडली. आण्णांच्याच खुर्चीत पाय वर घेऊन फोनवर माहेरच्यांशी खिदळत होती.

"हसा, हसा. सासरा मेला, सांगितलंस काय?"

तिच्या हातातला फोन पडला. आण्णांना त्या दिवशी जेवण गोड लागलं. मग नादच लागला. दाराआड उभं राहायचं, कुणीतरी दचकेपर्यंत. नात अनुजा आरशापुढं दिसली की मागून विचारायचं, "कुणासाठी गं नटतीस?" एकदा संयोगिता तापलेलं दूध उतरवत होती. आण्णा तिच्या पाठीशी जाऊन खाकरले. दूध मनगटावर सांडलं.

"मनात पाप असलं की हात थरथरतोय," आण्णा म्हणाले आणि बाहेर गेले.

त्या संध्याकाळी त्यांचा मुलगा विश्वजित गोठ्यातून वासराच्या गळ्यातली घंटी घेऊन आला. त्यानं ती आण्णांच्या काठीला सुतळीनं बांधली.

"ह्ये काय?"

"काळजीपायी, आण्णा. कुठं पडलासा तर कळाय नको?"

"मी काय जनावर हाय, रांडंच्या?" आण्णांनी घंटी ओरबाडून कॉटखाली फेकली.

रविवारी अनुजाला बघायला गडहिंग्लजची माणसं येणार होती. सोप्यात मधल्या खुर्चीत आपण बसायचं, पावण्यांनी आधी आपल्या पाया पडायचं, मग पुढचं बोलणं. अंगठा गेला, पायताण गेलं, तरी ती खुर्ची अजून आण्णांची होती. शनिवारी दुपारी तेच बजावायला ते स्वयंपाकघराकडं निघाले आणि सवयीनं दाराआड थांबले.

आत विश्वजित बायको-मुलीजवळ भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता.

"आण्णांना मागच्या खोलीत ठिवायचं. पावण्यांनी विचारलं तर सांगायचं, भ्रमिष्टागत करत्यात."

"शोभंल काय असलं सांगणं?" संयोगिता म्हणाली.

"शोभंल की. कोपऱ्यावर पायताण वाजलं की आक्काचं हात कापायचं. चहा सांडायचा. मग चहा सांडला म्हणून तेच पायताण काढून तिला हाणायचं. मी पलंगाखालनं बघायचो." एक शेंग फुटली. "अंगठा काढाय लागंल म्हणला डॉक्टर, तवा मला बरं वाटलं. आवाज तरी थांबंल म्हणलं. ह्ये तर बिनआवाजाचं जास्तच वंगाळ निघालं."

"बाबा, गुडघ्यापासनंच काढाय सांगायचा हुता," अनुजा म्हणाली.

तिघंही हसली. मनगटाला पट्टी बांधलेली संयोगिता सगळ्यात जास्त.

शिवी आण्णांच्या जिभेवर आली होती. पण आत्ता आत गेलं, तर ह्यांना लपवायला काही उरणार नाही. उद्यापासून तोंडावर हसतील. आण्णा आले तसे मागं फिरले. मऊ चप्पल वाजली नाही.

खोलीत जाऊन ते खाली बसले आणि काठीनं कॉटखालची घंटी पुढं ओढली. बोटं साथ देईनात, तेव्हा सुतळीची गाठ दातांनी आवळली. मग पुन्हा स्वयंपाकघराकडं निघाले. टिणटिण, टिणटिण.

आतलं हसणं तुटलं. ते दारात पोचले तेव्हा संयोगिताचा पदर डोक्यावर होता आणि विश्वजित उठून उभा राहिला होता.

"या आण्णा. उद्याचंच बोलत हुतो. तुमच्याबिगर शोभा हाय काय?"

आण्णांनी त्याच्याकडं बघितलं.

"नको रं. पाय ठणकतोय. मी मागच्या खोलीतच पडतो."

"बरं," विश्वजित लगेच म्हणाला.

आण्णा वळले. बोळापर्यंत पोचले तोवर स्वयंपाकघरात कुजबुज सुरू झाली होती. त्यांनी काठी जोरात आपटली. मग आणखी जोरात, घंटीशिवाय दुसरं काही कानावर येऊ नये म्हणून.